परसातला रातांबा, बाजारातले कोकम

मे महिन्याचा शेवटचा आठवडा कोकणात दोन फळांची घाई घेऊन येतो. आंब्याच्या घाईची बातमी होते, तिचे भाव वर्तमानपत्रात छापले जातात. रातांब्याची घाई मात्र अंगणापुरती राहते. झाडावर लालजांभळी फळे लोंबत असतात, दुपारनंतर आभाळ भरून येते, आणि घरातल्या बायका वाळत घातलेली सोले भराभर उचलून पडवीत घेतात. ऊन पडले की पुन्हा मांडतात. आठ-दहा दिवस हाच खेळ चालतो. पाऊस वेळेआधी आला तर झाडावर उरलेले फळ भिजते, गळते आणि झाडाखालीच कुजते. पायाखाली लाल चिखल होतो.

कोकमाबद्दल मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातले बहुतेक त्याच्या गुणांचे वर्णन असते: पित्तशामक, पाचक, थंड, सोलकढीचा रंग सुंदर. हे सगळे खरे आहे आणि ते सिद्ध करत बसण्याची आता गरज नाही. प्रश्न दुसराच आहे. इतके उपयोगी, इतके कमी मागणारे आणि फक्त आपल्याच किनारपट्टीचे म्हणावे असे हे झाड अजून पुरते पीक का झाले नाही, आणि ते पीक होताना त्याचे काय जपायला हवे? लागवड, काढणी, प्रक्रिया आणि विक्री या चारही टोकांना या प्रश्नाची उत्तरे विखुरलेली आहेत. ती एकत्र पाहायला हवीत.

रातांब्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. मँगोस्टीन आणि केरळातली कुडमपुळी ही त्याची भावंडे. सह्याद्रीचा पश्चिम उतार आणि त्याखालची किनारपट्टी हे त्याचे घर. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, पुढे उत्तर कन्नड, उडुपी, दक्षिण कन्नड आणि उत्तर केरळचा काही भाग, एवढ्या पट्ट्यात ते आपोआप वाढते. रत्नागिरीकडे रातांबा, दक्षिण सिंधुदुर्गात आणि गोव्यात भिरंड, कानडी मुलखात मुरुगल. दहा-पंधरा मीटर उंचीचे, शेंड्याकडे निमुळते होत गेलेले, खाली झुकणाऱ्या फांद्यांचे हे सदाहरित झाड. जुनी पाने गर्द हिरवी आणि कोवळी पालवी तांबूस, त्यामुळे पालवी फुटते तेव्हा ते लांबूनही ओळखू येते. मोठ्या झाडांच्या सावलीत वाढण्याची सवय त्याच्या रक्तात आहे. म्हणून व्हाळाच्या काठाला, माडापोफळीच्या आगरात, घराच्या मागच्या परड्यात ते सुखाने राहते. जांभ्या दगडाची माती त्याला चालते, मुळे खोल गेली की उन्हाळ्यात पाणी लागत नाही, मोहरावर फवारण्या कराव्या लागत नाहीत. हापूसची बाग सांभाळणाऱ्या कोणालाही विचारा, या शेवटच्या गोष्टीची किंमत तो सांगेल.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण झाडाच्या जन्मातच आहे. रातांब्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. दोन्ही प्रकारची फुले धरणारी झाडेही आढळतात, पण थोडी. बी रुजवून रोपे केली तर साधारण निम्मी नर निघतात. आणि कुठले नर, कुठले मादी हे रोपाकडे बघून कळत नाही. पहिले फूल यायला सात-आठ वर्षे लागतात. म्हणजे शेतकऱ्याने शंभर रोपे लावली, दोन-तीन उन्हाळे त्यांना झावळ्यांची सावली केली, पाणी घातले, गुरांपासून राखली, आणि आठव्या वर्षी त्याला कळले की पन्नासांना फळ येणारच नाही. उरलेल्या पन्नासांतही सगळी सारखी नसतात. एखादे झाड घमेलेभर फळ देते, एखादे क्विंटलभर. एखाद्याची साल जाड आणि रसरशीत, एखाद्याची पातळ. एखादे एप्रिलमध्ये पिकते, एखादे ऐन पावसात. अशा जुगारावर कोणी बाग उभी करत नाही. म्हणून रातांबा पिढ्यान्‌पिढ्या बागेत आला नाही; पक्ष्यांनी, माकडांनी आणि उकिरड्यावर टाकलेल्या बियांनी जिथे लावला तिथेच उभा राहिला.

या जुगारातून सोडवणारी वाट कलमांची आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मृदुकाष्ठ कलमाची पद्धत रातांब्यासाठी बसवली. बियांपासून केलेल्या रोपाच्या कोवळ्या खोडावर जाणत्या मादी झाडाची काडी बांधायची. असे कलम चार-पाच वर्षांत फळाला येते आणि ते नर निघण्याची भीती उरत नाही. पण यातही एक मेख आहे, जी रोपवाटिकेत गिऱ्हाईक म्हणून गेलेल्याला सहसा माहीत नसते. रातांब्याला दोन तऱ्हेच्या फांद्या असतात. एक सरळ वर जाणारा शेंडा, दुसऱ्या आडव्या पसरणाऱ्या. कलमाची काडी सरळ शेंड्याची घेतली तर कलम झाडासारखे उभे वाढते. आडव्या फांदीची घेतली तर ते कलम जन्मभर आडवेच पसरते, झुडपासारखे राहते, त्याला आधार द्यावा लागतो आणि त्याच्याखाली कुठलेच आंतरपीक घेता येत नाही. सरळ शेंडे एका झाडावर मोजकेच मिळतात, म्हणून चांगली कलमे मुबलक तयार होत नाहीत. घाईने कलमे बनवणाऱ्याला आडव्या काड्या खुणावतात, आणि त्याचा भुर्दंड शेतकरी पुढची तीस वर्षे भरतो.

विद्यापीठाने दोन जाती प्रसारित केल्या. कोकण अमृता १९९७ साली आणि कोकण हातीस २००६ साली. अमृताचे मोल मला तिच्या लवकर पिकण्यात जास्त वाटते: तिची बरीचशी फळे पावसाच्या आधी हाती लागतात. हातीसचे फळ खूप मोठे असते. कलमे सहा-सात मीटर अंतरावर लावतात, आणि शंभर मादी कलमांमागे दहाएक नर कलमे ठेवायला सांगतात. हा शेवटचा सल्ला पुष्कळ जण मानत नाहीत. फळ न देणारे झाड जागा का अडवील, असा साधा हिशेब असतो. जुन्या परड्यांतली नर झाडेही याच हिशेबाने सरपणाला जातात. आजूबाजूच्या रानात नर झाडे आहेत तोवर हे खपते, कारण परागकण तिकडून येतात. रान तुटले की फळधारणा का कमी झाली, हे कोणाला कळत नाही.

इथे माझे एक ठाम मत आहे. कलमे हवीतच, पण साऱ्या कोकणात दोनच जाती लावून आपण हापूसची पुनरावृत्ती करू नये. हापूसने कोकणाला पैसा दिला आणि एकाच वाणावर सगळी भिस्त ठेवण्याची जोखीमही दिली. बियांपासून उगवलेल्या रातांब्याच्या झाडांत जे वैविध्य आहे ते आता दुसरीकडे कुठे मिळणार नाही. लाल, काळपट जांभळी आणि सिरसीकडच्या रानात आढळणारी पिवळी-पांढरी फळे; जाड सालीची, पातळ सालीची; मार्चअखेरीस पिकणारी आणि जूनमध्ये पिकणारी. आययूसीएनच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत हे झाड असुरक्षित वर्गात मोडते. गावोगावची चांगली मादी झाडे हेरून, त्यांच्या सरळ शेंड्यांची कलमे त्या त्या तालुक्यात बांधली तर लागवडही वाढेल आणि विविधताही टिकेल. हे काम एकट्या विद्यापीठाचे नाही. कोणत्या घरामागचे झाड लवकर पिकते, कोणाचे सोल जास्त काळे आणि मऊ होते, हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना आजही तोंडपाठ असते.

दुसरी अडचण वेळेची. रातांब्याला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने फुले येतात आणि फळ एप्रिलपासून जूनपर्यंत टप्प्याटप्प्याने पिकते. थंडी लांबली, मोहर उशिरा आला, की मोठा हिस्सा जूनमध्ये ढकलला जातो. त्यातच जून महिना हा आपल्याकडे वाळवणाचा शत्रू. पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करून फळे थोडी आधी पिकवण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञांनी केली आहे, पण परड्यातल्या चाळीस फुटी झाडावर कोण फवारणार? ती बागेतल्या कलमांना उपयोगी. परड्यातल्या झाडाला लवकर पिकणाऱ्या वाणाशिवाय उपाय नाही, आणि ज्याच्याकडे आधीच उशिरा पिकणारे झाड आहे त्याला वाळवणाची वेगळी सोय लागते. अलीकडच्या वर्षांत मे महिनासुद्धा भरवशाचा राहिलेला नाही. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गेले. त्याआधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड आणि दापोली या भागात बागांच्या बागा आडव्या केल्या. दोन्ही वेळा आमसुलाचा हंगाम चालू होता.

फळ काढणे हेही सोपे काम नाही. रातांब्याची फांदी ठिसूळ, माणसाचे वजन पेलत नाही. फळ सगळे एकदम पिकत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा चढावे लागते. पिकलेले फळ खाली पडले की फुटते. माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी फळाच्या किमतीला जवळजवळ खाऊन टाकते. कलमांची झाडे बुटकी राहतात, हाताने फळ काढता येते. कलमांचा हा फायदा उत्पादनाइतकाच मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते.

आता फळ घरात आले. पुढचे सगळे जवळजवळ बायकांच्या हातचे काम. फळे धुऊन, मधोमध फोडून बी आणि गर वेगळा काढतात. साल एका बाजूला, गर-रस दुसऱ्या भांड्यात. रसात मीठ घालतात. सालींचे अर्धे वाळवायला उन्हात मांडतात. दुसऱ्या दिवशी त्या अर्धवट सुकलेल्या साली मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. याला पुट देणे म्हणतात. चार-पाच पुटे झाली की साल काळसर जांभळी, मऊ आणि चिवट होते. तेच आमसूल. पुटे कमी दिली तर सोल फिके आणि कोरडे राहते, मीठ कमी पडले तर बुरशी धरते, ऊन कमी मिळाले तर वास येतो. चांगले आमसूल बोटांत धरले की किंचित ओलसर लागते आणि बोटाला रंग लागतो. चिनी मातीच्या बरणीत ते वर्षभर टिकते, नीट केले तर त्याहून जास्त. रसाची पुटे न देता नुसती वाळवलेली साल वेगळी. तिला पाकळी म्हणतात, आणि तिला बाजारात आमसुलाइतका भाव मिळत नाही.

हे वर्णन मी लांबवले आहे, कारण आमसुलाचा दर्जा ज्या हातांवर अवलंबून असतो त्या हातांना त्याचे मोल मिळत नाही, हे मला मनापासून खुपते. गावातला व्यापारी वजनावर घेतो. त्याच्या तागडीत चार पुटांचे आणि दोन पुटांचे आमसूल सारखेच तोलले जाते. उलट मीठ जास्त घातले तर वजन वाढते आणि पैसा जास्त मिळतो. भाव ठरवण्याची ही रीत चांगल्या मालाला शिक्षा करते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण मानांकन हा कागद आहे. मिठाचे प्रमाण, ओलावा, रंग यांवरून आमसुलाची प्रत लावणारी खरेदी गावपातळीवर उभी राहिली तर त्या कागदाला अर्थ येईल.

उन्हावर विसंबायचे नसेल तर दोन वाटा आहेत. एक सौर वाळवणयंत्र किंवा प्लॅस्टिकच्या छताचे वाळवणघर. ते दोन-चार घरांनी मिळून उभारले तर परवडते. दुसरी वाट म्हणजे फळ वाळवायचेच नाही. आगळ करायचे. फोडलेल्या फळात थरावर थर मीठ घालून रोज हलवायचे. आठवडाभरात सालीतला सगळा अर्क, आम्ल आणि रंग रसात उतरतो. गाळला की दाट, लालभडक, खारट-आंबट आगळ. मीठ सोळा टक्क्यांच्या आसपास असले की ते उकळल्याशिवाय टिकते. फळाची साल साखरेत घातली तर सरबताचा पाक होतो, ज्याला अमृत कोकम म्हणतात. त्यात सालीच्या दुप्पट साखर लागते. आगळाला ऊन लागत नाही, इंधन लागत नाही, पावसाची भीती नाही. जूनमध्ये पिकणाऱ्या फळासाठी याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. मात्र आगळ पिणाऱ्याने त्यातले मीठ लक्षात ठेवावे. रक्तदाब असलेल्या माणसाला रोज आगळाची सोलकढी देणे बरे नव्हे. त्याच्यासाठी बिनमिठाचे सोल भिजवून काढलेले पाणी योग्य.

सोलकढीने कोकमाला घाटावर आणि मुंबईत जी ओळख दिली ती दुसऱ्या कशानेही मिळाली नसती. नारळाचे दूध, आगळ, लसूण, मिरची, कोथिंबीर, एवढ्यावर ती होते. मालवणी खानावळींबरोबर ती शहरात पसरली आणि आता मासे न खाणाऱ्यांच्या लग्नाच्या पंगतीतही असते. पण आमसुलाचा मूळचा संसार याहून मोठा आहे. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीत ते असते. गोव्यातल्या हुमणात असते. आमटी, डाळ, भाजी यांत चिंचेऐवजी असते. नारळाशिवाय केलेले तिवळ उन्हाळ्यात भातावर घेतात आणि पितातही. उपवासाला आमसुलाचे सार चालते, श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी लागतेच. गुजराती घरात गोडसर डाळीला कोकमाखेरीज चव येत नाही, आणि गुजराती माणूस आमसुलाचा मोठा गिऱ्हाईक आहे. चिंच आणि आमसूल दोन्ही आंबट, पण आमसुलाचा आंबटपणा माशाच्या चवीला झाकत नाही, मागे उभा राहतो. म्हणून किनाऱ्यावर ते टिकले.

शहरातल्या बाटलीबंद सरबताबद्दल मात्र सावध राहायला हवे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो आणि तो उष्णतेने व प्रकाशाने उतरतो. काचेच्या बाटलीतले खरे कोकम काही महिन्यांत तपकिरीकडे झुकते. वर्षभर दुकानाच्या उन्हात राहूनही बाटली तशीच लालचुटुक दिसत असेल तर त्यात बाहेरचा रंग असण्याची शक्यता मोठी. लेबल वाचावे. कोकमाचा रस किती, साखर किती, रंग घातला आहे का, हे तिथे लिहिलेले असते. तपकिरी पडलेले खरे सरबत गिऱ्हाइकाने नाकारले की उत्पादक रंगाकडे वळतो. म्हणजे या भेसळीत आपल्या डोळ्यांच्या हट्टाचाही वाटा आहे.

औषधी गुणांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आयुर्वेदात वृक्षाम्ल म्हणून या फळाचा विचार झाला आहे. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी पिणे आणि अंगाला लावणे हा कोकणातला जुना घरगुती उपाय. तो निरुपद्रवी आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्याच्या मागे आहे. पण अंगावरच्या गांधींसोबत ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर आमसुलाच्या भरवशावर थांबू नये, दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट वजन कमी करण्याच्या गोळ्यांची. या कुळातल्या फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली कुडमपुळीतले मुख्य आम्ल हेच असल्याचे दाखवले. त्याआधी ते टार्टारिक आणि सायट्रिक आम्ल समजले जात असे. शरीरात साखरेपासून चरबी बनवणाऱ्या एका विकराला ते अडवते, हे प्रयोगशाळेत दिसले आणि त्यावर गोळ्यांचा जगभर बाजार उभा राहिला. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १३५ माणसांवर १२ आठवडे केलेल्या चाचणीचा निष्कर्ष आला: या गोळ्यांनी आणि नुसत्या दिखाऊ गोळ्यांनी वजनात पडलेला फरक वेगळा काढता आला नाही. पुढे अशा काही मिश्रणांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही झाल्या. या गोळ्या बहुतेक कुडमपुळीच्या असतात, पण जाहिरातीत कोकमालाही त्याच दावणीला बांधले जाते. आमटीतली चार सोले आणि एकवटलेल्या अर्काची गोळी या एक गोष्ट नव्हेत. कोकमाच्या शेतकऱ्याचे भले गोळ्यांच्या लाटेवर होणार नाही. लाट ओसरली की तो पुन्हा किनाऱ्यावर पडेल. त्याचे भले रोजच्या स्वयंपाकात आमसूल वाढण्यात आहे.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे बी. फळ फोडले की बिया राहतात, आणि अनेक घरांत त्या उकिरड्यावर जातात. या बीच्या वजनाच्या जवळपास पाव भाग मेद असतो. जुन्या काळी बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळत. वर तरंगणारे तेल काढून गार झाले की मुठीत दाबून त्याचे गोळे करत. हेच मुठेल किंवा भिरंडेल. थंडीत टाचांना भेगा पडल्या, ओठ फुटले, की ते तापवून लावायचे. नेहमीच्या हवेत ते दगडासारखे घट्ट राहते आणि चाळिसेक अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्यात स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांची रचना अशी आहे की ते कोकोबटरच्या जवळ जाते, किंबहुना त्याहून कडक असते. म्हणून क्रीम, लिपबाम, साबण बनवणाऱ्यांना ते हवे असते. चॉकलेटवाल्यांनाही हवे असते: युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक नियमात कोकोबटरखेरीज सहाच वनस्पतिजन्य मेदांना पाच टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. शिया, साल, पाम, इलिपे, आंब्याच्या कोयीचा मेद, आणि सहावा कोकमाचा.

हे वाचून कोकणातल्या माणसाला आनंद व्हावा, पण मला त्यात तळमळच जास्त वाटते. ज्या मेदाला युरोपच्या कायद्यात नाव आहे त्याचे बी आपल्या अंगणातून झाडून टाकले जाते. कारण एका घराची बी दोन-चार पायल्यांच्या पलीकडे जात नाही. गावभर हिंडून ती गोळा करणारा कोणी नसेल तर तिला बाजार नाही. आणि ओल्या हवेत ठेवलेली बी लवकर खराब होते, तिचे तेल खवट होते. म्हणजे इथेही प्रश्न जूनच्या ओलाव्याचाच. ज्या वाळवणघरात सोले वाळतील तिथेच बी वाळवली, आणि तालुक्याला एखादा घाणा असला, तर फळाचा तिसरा हिस्सा फुकट जाणार नाही. पेंड शेतात खत म्हणून जाते.

आता जागेचा विचार. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे कोकणच्या वरकस जमिनी आंबा-काजूखाली आल्या. त्याने अनेक घरे सावरली. पण त्या ओघात मालकीची राने तुटली आणि रानातले रातांबे गेले. दोडामार्गकडे रबराच्या लागवडीने आणखी रान घेतले. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या यादीत कोकमाचे नाव आहे, ही चांगली गोष्ट. तरी कातळ फोडून, उघड्या माळावर नुसत्या कोकमाचे मळे उभे करण्याच्या उत्साहाला मी आवर घालीन. सावलीत आणि संगतीत वाढणारे हे झाड आहे. गोव्यातली कुळागरे त्याचा उत्तम नमुना आहेत: पोफळ, माड, केळी, मिरीचे वेल, जायफळ, आणि त्यांच्यामध्ये रातांबा. बागेच्या कडेने, व्हाळाच्या काठाने, माडांच्या ओळींमध्ये रातांबा लावला तर तो कोणाची जागा हिसकावत नाही, पाण्याच्या काठची माती धरून ठेवतो आणि आंब्याचे पीक बुडालेल्या वर्षी घराला आधार देतो.

आज परड्यात दोन-चार जुनी झाडे असलेल्या घराने काय करावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण कोकमाचा बहुतांश माल अजून अशाच घरांतून येतो. नर झाड तोडू नये. उशिरा पिकणाऱ्या झाडाच्या फळांचे आगळ करावे, लवकर पिकणाऱ्याचे आमसूल. बी धुऊन लगेच वाळवावी आणि शेजारच्या पाच घरांची एकत्र विकावी. आमसूल विकताना पुटांचा हिशेब सांगून भाव मागावा. शहरातली अनेक गिऱ्हाइके तो देतात, त्यांना फक्त कोणी सांगितलेले नसते. नवीन कलम आणायचे असेल तर रोपवाटिकेत तीन गोष्टी विचाराव्यात: मातृवृक्ष कुठला, तो कोणत्या महिन्यात पिकतो, आणि काडी सरळ शेंड्याची आहे की आडव्या फांदीची. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता अडखळला तर ते कलम घेऊ नये. आपल्या गावातच एखादे नावाजलेले मादी झाड असेल तर कलम बांधणाऱ्याला तिथे न्यावे, त्या झाडाचे शेंडे द्यावेत. रुजवायला बी ताजीच घ्यावी, कारण वाळलेली बी उगवत नाही. ताज्या बीची रोपे पुढच्या पावसापर्यंत कलमाच्या खुंटाला तयार होतात.